सॅडल सगळ्यात शेवटी वेल्ड करा
जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० डी आहे. साताऱ्याहून पुण्याला अधूनमधून तिनेच जातो. साठच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो, आणि इंजिनही फार ओरडतं. आमच्या मेस्त्रींना कुर्ल्याच्या बाजारात प्रीमियर ११८ एनईचा अख्खा मागचा एक्सल मिळतोय. ते म्हणतात, 'जुना क्राऊन शोधत बसण्यापेक्षा हाच चढवू, दोन दिवसांचं काम आहे.' चढवावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आधी त्या सुट्या करा.

आवाजाची परीक्षा तुम्हाला स्वतःला करता येईल. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबून धरा, मग सोडा. दाबल्यावर आवाज चढत असेल आणि सोडल्यावर जात असेल, तर क्राऊन-पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचे, दात झिजलेत. सोडल्यावरच येत असेल, तर पिनियनच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) झालाय असं धरून चाला. दोन्ही वेळेला सारखाच येतो, पण वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलतो, तर ते चाकाचं बेअरिंग. त्यासाठी अख्खा एक्सल उतरवण्याचं काहीच कारण नाही. शेवटी ऑइल काढून बघा. बोटांवर चंदेरी चुरा आला तर समजा, आत काहीतरी खाल्लं जातंय. नुसतं काळं, पातळ आणि कमी निघालं, तर आधी चांगलं ईपी ९० गिअर ऑइल भरा आणि थोडे दिवस चालवून बघा.

इंजिनाचं ओरडणं हा मात्र रेशोचा प्रश्न आहे. पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४३ असतील तर रेशो ४.३, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा) ४.३ वेळा फिरतो. टायरची एक फेरी जमिनीवर १.८ मीटर पडते असं धरू. ताशी ८० ला चाक मिनिटाला सुमारे ७४० फेऱ्या घेतं, आणि टॉप गिअर डायरेक्ट असल्यामुळे (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात) इंजिन ३१८५ वर जातं. त्याच जागी ३.९ चा एक्सल असेल तर २८९० च्या आसपास. हा फरक कानाला नक्की जाणवतो. पण तुमच्या इंजिनाची ताकद १०८९ सीसीचीच राहणार. सपाटीवर जे मिळालं, ते खंबाटकी चढताना परत द्यावं लागेल. चार माणसं आणि सामान असेल तर आज जिथे तिसऱ्यावर गाडी चढते, तिथे दुसरा टाकावा लागेल.

म्हणून एक्सल विकत घेण्याआधी त्याचा रेशो दुकानातच मोजा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एक चाक घट्ट धरून ठेवायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं, आणि पिनियनच्या फ्लँजवर (प्रॉपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची खूण करून तो किती फिरतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजेच रेशो. तुमच्याच एक्सलइतका निघाला तर ओरडणं तसूभरही कमी होणार नाही, फक्त आवाज जाईल.

आता ११८ एनईच्या एक्सलबद्दल. दोन्ही गाड्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, म्हणून 'बसेलच' असं लोक गृहीत धरतात. पण मुळात ही दोन वेगळी घराणी आहेत. तुमची ११०० ची बैठक १९५० च्या दशकातली, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). ११८ एनई ही १९६६ च्या फियाट १२४ च्या वंशातली, तिला मागे कॉइल स्प्रिंग आणि आर्म. तिच्या हाऊसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, पाट्यांसाठी सॅडल (पाट्यावर टेकायच्या बैठका) नसतातच. कॉइल आणि आर्मचे ब्रॅकेट कापून काढायचे आणि तुमच्या पाट्यांच्या मापाने नवे सॅडल बसवायचे, हेच या कामातलं खरं काम. निस्सानच्या ११७१ सीसी इंजिनासाठी वापरलेला एक्सल असल्यामुळे तुमच्या इंजिनाचा जोर त्याला जड नाही. त्या बाबतीत काळजी नको.

माझं मत विचाराल तर आधी जुन्याच हाऊसिंगमध्ये बेअरिंग, सील आणि बरी जोडी घालून काम होतंय का ते बघावं. क्राऊन आणि पिनियन मात्र जोडीनेच घ्या. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन कधीच गप्प बसत नाहीत. जोडी कुठेच मिळाली नाही, तरच ११८ चा एक्सल, आणि तोही माझ्या एका अटीवर: सॅडल सगळ्यात शेवटी वेल्ड करायचे.

ही अट का, ते सांगतो. घाईत काय होतं, तर एक्सल बाकावर ठेवतात, अंदाजाने सॅडल लावून पक्के वेल्डिंग मारतात आणि मग गाडीखाली सरकवतात. तेव्हा पिनियनचं तोंड किती वर, किती खाली, हे कायमचं ठरून गेलेलं असतं. असं काम केलेली एक फियाट माझ्याकडे आली होती. सत्तरला सगळी सीट थरथरायची. मालकाने टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, प्रॉपेलर शाफ्टही पुन्हा बॅलन्स करून आणला, तरी फरक नाही. मी प्रॉपेलर शाफ्टच्या मागच्या सांध्यातला क्रॉस उघडला. कपातल्या सुया लाल-तपकिरी भुकटीत लोळत होत्या, आणि क्रॉसच्या चारही बोटांवर सुयांच्या रेघा इतक्या खोल उमटल्या होत्या की नख अडकत होतं. क्रॉस नवाच होता. पिनियनचं तोंड मात्र इतकं वर होतं की क्रॉसला रोज वाकड्यात काम करावं लागत होतं. शेवटी सॅडल कापून पुन्हा बसवावे लागले. तेच शेवटी वेल्ड केले असते तर मालकाचा एवढा खर्च वाचला असता.

योग्य क्रम असा. गाडी सपाट फरशीवर घ्या. एक्सल पाट्यांवर ठेवा, सॅडल मध्ये मोकळेच, यू-बोल्ट हाताने आवळलेले. मग गाडी चाकांवर उतरवा. जॅकवर किंवा घोडीवर ठेवून हे माप घेऊ नका, कारण पाटे लोंबकळलेले असतात आणि कोन खोटा येतो. मागच्या सीटवर दोन माणसं बसवा. गिअरबॉक्सच्या फ्लँजवर कोनमापक लावून आकडा लिहा, मग पिनियनच्या फ्लँजवर लावा. मोबाइलमधला कोनमापकही चालतो. दोन्ही रेषा एकमेकींना समांतर हव्यात. पाट्यांच्या गाडीत मी पिनियनचं तोंड एखाद-दोन अंश खाली ठेवतो, कारण जोर लावला की पाटे पिळवटतात आणि ते तोंड आपोआप वर उचललं जातं. हे जमलं की वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मारा, गाडी थोडी हलवा, पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर एक्सल उतरवून पक्के वेल्डिंग.

वेल्डिंगलाही रीत आहे. एका दमात पूर्ण शिवण मारली तर ट्यूब केळ्यासारखी वाकते. इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. मशीनची अर्थिंगची वायर शिवणीच्या जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. सील आणि हाफ शाफ्ट (चाकं फिरवणारे आतले दांडे) आधीच काढून ठेवा.

एक्सल रुंद निघाला तर? ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंत दोन्हींची रुंदी मोजा. थोडा फरक असेल तर मडगार्ड आणि टायर यांमधली जागा बघून ठरवता येतं. फार असेल तर हाऊसिंग कापून लहान करतात, पण मग हाफ शाफ्टही लहान हवेत. जुना शाफ्ट मधून कापून वेल्ड केलेला गाडीखाली घालू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. तो तुटला तर चाक बाहेर येतं. चांगल्या लेथवाल्याकडून ईएन २४ पोलादात नवा शाफ्ट करून त्याला स्प्लाइन (टोकाच्या खाचा) कापून घ्या, किंवा तो एक्सल सोडून द्या.

ब्रेककडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नवा एक्सल आपले ड्रम आणि आपले व्हील सिलिंडर घेऊन येतो. तुमचे जुने सिलिंडर सहा सुती असतील आणि आलेले सात सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर तेवढ्याच पेडलला मागचा जोर ३६ टक्क्यांनी वाढतो. कोरड्यावर कळणार नाही. पहिल्या पावसात कळेल, मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतील आणि गाडी आडवी फिरेल. सिलिंडरचं माप जुन्याइतकंच ठेवा आणि मोकळ्या, ओल्या मैदानात हळू वेगाने तपासून घ्या. हँडब्रेकची केबलही बहुतेक नवी करावी लागेल.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलली तर कापून बॅलन्स करून घ्या, आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत ना, ते स्वतः बघा. यू-बोल्ट नवेच वापरा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं सॅडलच्या भोकात नीट बसलंच पाहिजे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, त्यामुळे ४.३ चा ३.९ केलात तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ वर असेल.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. तुमची गाडी पन्नाशीच्या पुढची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात असेल तर तिला 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार मात्र त्यात बसत नाही. म्हणून बॉडीवर एकही टाका मारू देऊ नका. कापाकापी सगळी आलेल्या एक्सलवर करा. तुमचा मूळ एक्सल पिनियनपासून ड्रमपर्यंत पूर्ण ठेवा, आत ऑइल भरून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी. उद्या कुठे १० आणि ४३ ची जोडी सापडली, तर गाडी एका दिवसात मूळ रूपात येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफाराबद्दलचे निर्बंध आहेत, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आणि मेस्त्रींना सांगा, दोन दिवसांत हे काम होत नाही. त्यांना आठवडा द्या.

प्रश्न : जुन्या सीजे ३बी जीपला मागे दुसऱ्या जीपचा एक्सल घातला. टू-व्हीलवर छान चालते. फोर-व्हील टाकली की डांबरी रस्त्यावर अडखळते आणि लिव्हर निघत नाही.
– एक वाचक, कणकवली

उत्तर : पुढचा आणि मागचा रेशो वेगळा झालाय. त्या जीपला मुळात ५.३८ असतो, ८ दातांना ४३. तुमचा नवा मागचा बहुधा ४.८८ चा असावा. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट सारखेच फिरवते, चाकं मात्र रस्त्यावर सारखंच अंतर कापू पाहतात, आणि मधल्या मध्ये सगळं पिळलं जातं. रेशो सारखे होईपर्यंत फोर-व्हील अजिबात टाकू नका, चिखलातही नाही. पुढच्याचे आणि मागच्याचे दात मोजा आणि दोन्हीकडे एकच जोडी घाला. आणि रेशो सारखे झाले तरी कोरड्या डांबरावर फोर-व्हील कशालाच लागत नाही.

प्रश्न : अँबेसिडरच्या मागच्या डाव्या ड्रममध्ये एक्सलचं ऑइल येतं. सील दोनदा बदललं, तरी पुन्हा तेच.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की गरम झालेल्या हवेला जायला वाट राहत नाही आणि ती ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. तो काढून डिझेलमध्ये धुवा. ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच आहे ना, तेही बघा, कारण जास्त भरलं तरी असंच होतं. एवढं करूनही आलं तर शाफ्टवर जिथे सीलचा ओठ बसतो तिथे बोट फिरवा. खोबण लागली तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्टचंच काम करावं लागेल. आणि ऑइलने भिजलेले ब्रेक लाइनर धुऊन परत घालू नका, नवे घाला.