वन परिसंस्थाशास्त्रात पीएच.डी.नंतर पोस्टडॉकची संधी कशी शोधावी?

जाहिरातीची वाट बघत बसू नका. ज्यांचे पेपर तुम्ही वर्षानुवर्षं वाचलेत, त्यांना थेट ईमेल करा. त्यात स्वतःबद्दल थोडं आणि त्यांच्या माहितीसाठ्यातून कोणता प्रश्न सोडवाल याबद्दल जास्त लिहा. पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांत १ सेंमी किंवा त्याहून जाड खोडाचं प्रत्येक झाड मोजतात, साधारण दर ५ वर्षांनी पुन्हा. एवढ्या आकड्यांतून अर्थ काढणारी माणसं लागतातच, म्हणून 'आर' (आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची प्रोग्रामिंग भाषा) पक्कं करा; माझ्या मते ते झाडं ओळखण्याइतकंच मोलाचं आहे.

युरोपसाठी मारी क्युरी फेलोशिप (युरोपीय संघाची संशोधकांसाठीची शिष्यवृत्ती) बघा. मात्र मागच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. अर्ज यजमान संस्थेसोबतच करायचा असतो, तेव्हा बोलणी लवकर सुरू करा.