घड्याळ एकूण चढ चुकीचा दाखवतंय, बदलू का?

तुम्ही विचारलंय की सकाळी लाँग रनला घरून निघून दुपारी घरीच परत आलात तरी घड्याळ चढ ३१० मीटर आणि उतार २८५ मीटर दाखवतं, आणि सोबत पळणाऱ्या मित्राच्या घड्याळात त्याच रस्त्याचा चढ ४६० येतो, मग खराब कोणाचं आणि नवीन घ्यावं का. घेऊ नका. निदान ह्या आकड्यासाठी तरी नका. आणि मित्राचं ४६० तर अजिबात खरं धरू नका, मग तो कितीही वेळा स्क्रीनशॉट पाठवू दे.

हे इतकं ठासून सांगतेय कारण माझं ह्यावरून मोठं भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने एक चॅलेंज ठेवलं होतं. एकच टेकडी, एकच वाट, वर-खाली करत राहायचं आणि एका दिवसात २००० मीटर चढ पुरा करायचा. मी आधीच कंटूरचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा) नकाशा घेऊन बसले होते, माथ्यावर ६९६ लिहिलेलं, वाट सुरू होते ती जागा ६१२ च्या आसपास, म्हणजे फेरीला ८४ मीटर आणि २४ फेऱ्यांचे २०१६. मी हातावर पेनाने रेघा मारत फेऱ्या मोजल्या. दुपारी रणरणत्या उन्हात मी एकोणिसावी फेरी उतरत होते तेव्हा आमच्यातला एक मित्र खाली मनगट वर करून उभा, २०९० झाले म्हणून, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. त्याच्या फेऱ्या झाल्या होत्या २१. मी पुढे पाच फेऱ्या केल्या, शेवटच्या दोन तर गुडघ्यावर हात टेकत टेकत, २४ पुऱ्या केल्या आणि घड्याळ बघितलं तर १७३१.

रात्री ग्रुपवर यादी आली. त्याच्या नावापुढे 'पूर्ण', माझ्या नावापुढे 'अपूर्ण'. मी लिहिलं की अरे एकच टेकडी आहे ना, २१ गुणिले ८४ म्हणजे १७६४ होतात, ह्याचे २००० झाले कसे? तर तो म्हणाला, घड्याळ काय खोटं बोलतंय का. आणि तीस जणांच्या ग्रुपमधे एकानेही गुणाकार करून बघितला नाही, हे मला जास्त लागलं.

मग मी ह्या विषयाच्या मागेच लागले, आणि एक गोष्ट कळली जी घड्याळ घेताना कोणी नीट सांगत नाही. घड्याळ उंची मोजतच नाही. बॅरोमीटर असेल तर ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा हिशोब करतं. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) कमी झाला की त्याला वाटतं आपण साधारण ८ ते साडेआठ मीटर वर आलो. आता दाब तर तुम्ही जागचे न हलताही बदलतो. ढग दाटून आले की उतरतो, आणि हवा अगदी स्वच्छ असली तरी रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितका हा फरक ठळक, तिकडे सहज ३ हेक्टोपास्कल. तुमचे ते २५ मीटर जास्तीचे आहेत ना, ते इथूनच आलेले असणार. तुम्ही पळत होतात तोवर दाब उतरला आणि घड्याळाला वाटलं तुमचं घरच वर सरकलं. ही बिघाड नाहीच, सेन्सर आपलं काम चोख करतोय.

पण ह्या सरकण्याने आत्ताची उंची चुकते, एकूण चढात तेवढे वीस-तीस मीटरच इकडे तिकडे होतात. माझे २०१६ चे १७३१ झाले ते वेगळ्याच कारणाने. माझ्या घड्याळाच्या कडेला सेन्सरची बारीक भोकं आहेत, ती घाम आणि सनस्क्रीनने गच्च भरली होती. हवा आत-बाहेर व्हायला वेळ लागला की सेन्सर मागून रेंगाळत येतो, आणि मी तर माथ्यावर टेकून लगेच वळत होते, खाली टेकून लगेच वर, म्हणजे तो वरच्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत मी खाली निघालेली. प्रत्येक फेरीचं वरचं आणि खालचं टोक कापलं गेलं, ८४ चे ७२ झाले. त्यात ऊन. घड्याळ जो हिशोब करतं तो प्रमाण वातावरणाचा, म्हणजे ठरवून दिलेल्या नमुना हवेचा, समुद्रसपाटीला १५ अंश आणि वर जाऊ तसं कमी, हवा त्याच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर आकडा साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी येतो, कारण गरम हवा विरळ असते. आणि घड्याळाला हवेचं तापमान कळत नाही बरं का, ते मनगटाला चिकटलेलं असतं, त्याला आपल्या कातडीचीच ऊब लागते.

आणि २०९० वाल्या मित्राच्या घड्याळात बॅरोमीटरच नव्हता. नुसतं जीपीएस. जीपीएसचे सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर, पायाखालचे पृथ्वीने अडवलेले, त्यामुळे डावी-उजवीकडची जागा बरी कळते पण उंचीतली चूक त्याच्या दीडपट-दुप्पट, कधी तिप्पटही असते. वर झाडी आणि एका बाजूला कडा, म्हणजे सिग्नल आपटून येणार. आकडा सारखा दोन-चार मीटर वर-खाली थरथरतो, आणि एकूण चढ काढताना ती प्रत्येक थरथर बेरजेत जाते, कारण खालची थरथर चढातून वजा होत नाही, ती उतारात जमा होते. नुसतं उभं राहूनही चढ वाढू शकतो. किती मीटरच्या वरचा बदल खरा चढ धरायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, आणि म्हणून मी म्हणते की एकूण चढ हे मोजमाप नाहीच, ती बेरीज आहे आणि बेरजेत काय घ्यायचं हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. तुमच्या मित्राच्या घड्याळात बॅरोमीटर आहे का ते आधी बघा. मला वाटतं नसणार.

ॲपमधे 'उंची दुरुस्त करा' असं बटण असतं, त्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. ते तुमच्या मार्गाखाली उंचीचा नकाशा ठेवून आकडे बदलतं. असल्या नकाशांमधला एक मोठा म्हणजे फेब्रुवारी २००० मधे स्पेस शटलमधून रडारने ११ दिवसांत बनवलेला, फार मोठं काम आहे ते, पण रडारला दाट झाडीत जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात, आणि नकाशातला एकच उंची धरलेला एक चौकोन ३० मीटरचा, काही आवृत्त्यांत ९० मीटरचा. दरीवरच्या पुलावरून सपाट पळालात तर नकाशा तुम्हाला दरीत उतरवून परत चढवतो. कड्याच्या कडेने गेलात आणि जीपीएस दहा मीटर बाजूला सरकलं तर कड्यावरून खाली-वर. बॅरोमीटर नसेल तर हे बटण बरं, असेल तर हात लावू नका.

मी पुढच्याच आठवड्यात घड्याळ कोमट पाण्यात बुडवून भोकं साफ केली (टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो), पहाटे गारव्यात त्याच टेकडीवर गेले, सुरुवातीला उंची हाताने ६१२ लावली, वर आणि खाली प्रत्येकी दोन मिनिटं थांबले आणि तीन फेऱ्या केल्या. २४८ आले. २५२ यायला हवे होते. फोटो ग्रुपवर टाकला. मित्राचं उत्तर आलं, आता मोजून काय उपयोग, त्या दिवशी जे आलं तेच खरं. यादी तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नकाशावरचं माथ्याचं ६९६ पक्कं आहे, तिथे मोजणीचा बिंदू आहे, पण पायथ्याचं ६१२ मी दोन कंटूरच्या मधे अंदाजाने धरलेलं. ते खरं ६१६ असेल तर फेरी ८० ची होते आणि माझे होतात १९२०, म्हणजे माझेही २००० झाले नाहीत. हे मी तेव्हा ग्रुपवर बोलले नाही, बोलायला हवं होतं. पण मग त्याचे १६८०. अंदाज कसाही घ्या, २४ फेऱ्या २१ पेक्षा जास्तच राहतात, आणि माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एवढंच आहे.

तर तुम्ही घड्याळ धुवा, पळताना बाहीखाली झाकू नका, निघण्याआधी माहीत असलेली उंची लावून घ्या (ह्याने एकूण चढ बदलत नाही, फक्त आत्ताची उंची सुधारते), आणि त्याच रस्त्याची स्वतःची आधीची रीडिंग्ज आत्ताच्यांशी ताडून बघा, दुसऱ्याच्या घड्याळाशी नको. फार उंच डोंगरात, जिथे हवामान बिघडलं तर जिवावर बेततं, तिथे मात्र हे सगळं सोडा आणि दाबाचा आलेख बघत रहा, तंबूत झोपलेले असताना उंची चाळीस-पन्नास मीटर वाढलेली दिसली तर वादळ येतंय असं धरून चाला.

आणि मित्र ४६० वरच अडून बसला तर एकदा दोन्ही घड्याळं तुमच्या एकाच हातात बांधा, तोच रस्ता पळा, आणि परत आल्यावर दोन्ही आकडे त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.