काल विरोध, आज अनुमोदन

प्रश्न : ज्या नेत्याला आमच्या आमदारांनी उघड विरोध केला, त्याच्याच नावाला आता विधिमंडळ पक्षनेता निवडताना ते अनुमोदन देतात. मनपरिवर्तन म्हणायचं की लोटांगण?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : हिशेब म्हणा. आकडा कुणाकडे आहे हे बैठकीआधीच कळलेलं असतं. पक्षाचे निरीक्षक एकेकाला आत बोलावून मत विचारतात आणि बाहेर ‘एकमताने’ असं जाहीर होतं. कालच्या विरोधकालाच अनुमोदनाला उभं करणं हा जुना डाव आहे. त्यात त्याचीही अब्रू राहते.

खरी दोरी एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची. ए फॉर्मवर सही करण्याचा अधिकार कुणाला हे असतं, बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद पोचला नाही तर चिन्ह गेलं. सही शाईचीच लागते, झेरॉक्स चालत नाही. सही करणाऱ्याशी वैर कोण घेईल? त्यात आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. कर्जाची थकहमी मंत्रिमंडळ देतं, उजनी धरणाच्या पाण्याच्या आवर्तनाची बैठक पालकमंत्री घेतात आणि गावातल्या रस्त्यांचा ‘पंचवीस-पंधरा’ या लेखाशीर्षाचा पैसाही मंत्रालयातूनच सुटतो.

बंड करावं तर कायदा आडवा येतो. 1978 मध्ये सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे शरद पवारांबरोबर वसंतदादांच्या सरकारातून बाहेर पडले, तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती. ती 1985 मध्ये आली. एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, ती पळवाट 2003 मध्ये बुजली. आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात. साठ आमदारांच्या पक्षात चाळीस जमवा! पंधरा नाराज असतील तर ते हार घेऊन रांगेत उभे राहतात.

प्रश्न : व्हीप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, नेतानिवडीलाही लागतो का?

उत्तर : नाही. पक्षांतरबंदीतला व्हीप सभागृहातल्या मतदानापुरता. तिथे व्हीप मोडला आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची याचिका होते. घोडं अडतं ते पुढे : निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांचा, आणि त्याला कायद्यात मुदत नाही.

निष्ठा खरी की देखाव्याची हे पाहायचं तर विधान परिषदेची निवडणूक बघा. राज्यसभेला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, परिषदेला मतदान गुप्त. 20 जून 2022 ला महाविकास आघाडीची मतं तिथेच फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले.