व्हिडिओ गेमची बदलता येणारी कॅसेट सर्वप्रथम कोणत्या यंत्रात आली, आणि ते यंत्र मागे का पडले?

मी दिग्रस तालुक्यातला असून टीव्ही दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे आपला प्रश्न मला जवळचा वाटला. कापसाचे चुकारे वेळेवर मिळाले त्या एका वर्षी वडिलांनी टीव्हीला जोडायचा गेम घरी आणला होता. त्याची पिवळी कॅसेट चालेनाशी झाली की आम्ही भावंडे तिच्या टोकाच्या बारीक धातूच्या पट्ट्या खोडरबराने घासून ती पुन्हा बसवत असू.

त्या कॅसेटचे मूळ 'फेअरचाइल्ड चॅनल एफ' या यंत्रात आहे. ते अमेरिकेत नोव्हेंबर १९७६ मध्ये, १६९.९५ डॉलरला विक्रीस आले. १९७२ च्या 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी'मध्येही कार्डे घालावी लागत, परंतु त्यांत गेम साठवलेला नसे. ती केवळ यंत्रातल्या जोडण्या बदलत. चॅनल एफच्या कॅसेटमध्ये मात्र रॉम, म्हणजे माहिती कायमची साठवून ठेवणारी, चिप होती आणि गेमचा प्रोग्राम त्या चिपमध्येच होता. मूळ कल्पना अल्पेक्स कंपनीतील वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. ती घरोघरी विकता येईल अशा यंत्रात उतरवण्याचे काम फेअरचाइल्डमध्ये जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाले.

हे काम किती अवघड होते, ते सोल्डरिंगचा हात असलेल्यालाच नीट कळेल. उघडी चिप लहान मुलांच्या हाती द्यायची, ती दिवसातून दहा वेळा काढली-घातली जाणार, अंगावरच्या स्थिर विजेने ती जळू शकते, पट्ट्या झिजू शकतात. आणि असे वारंवार केल्याने नेमके काय होते, याचा पूर्वानुभव त्या वेळी कोणाकडेच नव्हता. म्हणून चिपला मजबूत प्लॅस्टिकचे आवरण दिले गेले, आणि योगायोग असा की त्या कॅसेटही पिवळ्याच होत्या. खेळ मध्येच थांबवून ठेवण्याचे 'होल्ड' बटणही या यंत्रात होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

मग ते मागे का पडले? सप्टेंबर १९७७ मध्ये अटारी या गेम कंपनीचे व्हीसीएस हे कॅसेटवर चालणारे यंत्र आले. अटारीजवळ आर्केडमधले, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या दुकानांतल्या यंत्रांवरचे, लोकप्रिय गेम होते, आणि वॉर्नर या मोठ्या कंपनीने १९७६ मध्येच कंपनी विकत घेतल्याने भांडवलही होते. १९८० मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा आर्केडमधला गेम अटारीच्या यंत्रातून घरच्या टीव्हीवर आल्यावर तर स्पर्धाच उरली नाही. फेअरचाइल्ड मुळात चिप बनवणारी कंपनी. तिचे गेम साधे होते, आणि १९७९ मध्ये तिने हा व्यवसाय झिरकॉन कंपनीला देऊन टाकला. माझ्या मते यंत्राच्या रचनेत खोट नव्हती, मनात भरतील असे गेम देण्यात कंपनी कमी पडली. कॅसेटची पद्धत मात्र अटारीने उचलली, पुढे निन्टेन्डो या जपानी कंपनीने वापरली, आणि निन्टेन्डोच्या नकला आमच्या गावच्या बाजारापर्यंत पोहोचल्या.

लॉसन यांची दखल फार उशिरा घेतली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०११ मध्ये त्यांचा गौरव केला आणि पुढच्याच महिन्यात ते वारले. आजही कोणी जुना गेम दुरुस्तीला आणला, तर कॅसेटच्या पट्ट्या पुसताना मी गिऱ्हाइकाला त्यांचे नाव सांगतो.