युद्धज्वर आणि युद्धखोरी एकच का?

प्रश्न असा आलाय की युद्धज्वर आणि युद्धखोरी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतं का, आणि "जनता युद्धखोर झाली" हे वाक्य बरोबर आहे का. माझं स्पष्ट मत, नाही. -खोर फारसीतून आलाय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, सगळीकडे त्या माणसाची खोड नाहीतर त्याची कमाई. ज्वर मात्र चढतो आणि उतरतो, अंगातला स्वभाव नसतो तो. त्यामुळे युद्धखोर एखादा नेता, सरकार, फार तर एखादा संपादक, आणि युद्धज्वर लोकांना.

इराकचंच बघा ना. २९ जानेवारी २००२ च्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुशनी इराक, इराण आणि उत्तर कोरिया एका माळेत ओवले, मग ७ ऑक्टोबरला सिनसिनाटीत म्हणाले की इराकच्या शस्त्रांच्या शेवटच्या पुराव्याची वाट बघत बसलो तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात येईल. म्हणजे पुरावा मागणाराच बेजबाबदार ठरला! त्याच आठवड्यात अमेरिकी संसदेने इराकवर युद्धाचा अधिकार देऊन टाकला, हाउसमध्ये म्हणजे कनिष्ठ सभागृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. आणि २००१ मधल्या अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हुकूमशहा सद्दामचा हात होता असा पुरावा नसताना भाषणांत ही दोन नावं इतक्यांदा शेजारी शेजारी आली की ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन पाच महिने झाल्यावरही, वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत ६९ टक्के लोकांना त्याचा हात असण्याची शक्यता वाटत होती. ज्या महाविनाशक शस्त्रसाठ्यांसाठी हे सगळं केलं ते सापडलेच नाहीत. या ६९ टक्क्यांना युद्धखोर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, त्यांना घाबरवलं होतं.

आता क्रियापद, आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या बातम्यांत कायम "युद्धज्वर चढला" असतं, जसा काही हवेतून आला. मराठीत प्रयोजक रूप, म्हणजे कोणीतरी घडवून आणलं असं सांगणारं, तयार आहे, "चढवला", आणि ते लिहिलं की कोणी चढवला हे सांगावंच लागतं. "युद्ध लादलं गेलं" चं पण तेच, वक्ता हे वाक्य बोलतो तेव्हा लादणारा नेहमी पलीकडचा असतो, तो खरंच कोण होता हे तपासल्याशिवाय बातमीदाराने ते स्वतःचं म्हणून लिहू नये.

तुमच्या वाक्यात "भाषणांनी जनतेत युद्धज्वर चढवला" असं करा. युद्धपिपासू हा शब्दही युद्धखोराच्याच बाजूचा, तोही जनतेला लावू नका.