जोडधंद्याचे तास कोणाच्या वाट्याचे?

नोकरी सांभाळून काहीतरी सुरू करावं का, हा प्रश्न घेऊन लोक हल्ली माझ्यासारख्या कुटुंब समुपदेशकाकडेही येतात. भांडवलाचा विचार बहुतेकांनी केलेला असतो. वेळेचा फार थोड्यांनी केलेला असतो, आणि तो वेळ घरातलं कोण देणार, हे तर क्वचितच कुणी बोललेलं असतं. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, तीन पाळ्यांत काम करणारा. ती घरी. मुलगी चौथीत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्याला शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा होता. मशीनसाठी ३ लाखांचं कर्ज, घराजवळ भाड्याचा गाळा, असं सगळं त्याच्या मनात ठरलं होतं. बायको नको म्हणत होती आणि कारणही सांगत नव्हती. दोन महिने घरात अबोला. "मी पुढे जावं असं हिला वाटतच नाही," असं तो तिच्यासमोरच म्हणाला. ती गप्प राहिली.

मी आधी धंद्याचा हिशेब मांडायला सांगितला. माणूस काय मोजतो आणि काय मोजायचं विसरतो, ते त्यात लगेच कळतं. लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणा लागतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दाणा १३० रुपये किलो, म्हणजे लिटरमागे ३२५ रुपयांचा नुसता दाणा. तेल ४०० ला विकायचं, दीड किलो पेंड गोठेवाल्याला देऊन ६० सुटायचे. त्यातून वीज, बाटली, लेबल आणि गाळ वजा केला की लिटरमागे १०० रुपये हातात, तेही भाडं न धरता. कर्जाचा हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्याचं पहिलं ७० लिटर तेल फक्त बँकेसाठी. हा आकडा त्याने स्वतःच काढला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

"पण मॅडम, ३५ टक्के अनुदान आहे ना," तो म्हणाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना त्याने वाचली होती. ते अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचं आणि आपले किमान १० टक्के घालायचे. अनुदान मिळेल म्हणून धंदा निवडणारे मला बरेच भेटतात. अनुदानाने मशीन स्वस्त पडेल, गिऱ्हाईक काही मिळणार नाही, हे त्यांना मी स्पष्टच सांगते.

मग दोघांना वेगवेगळे कागद दिले. घाणा सुरू झाल्यानंतरचा एक आठवडा लिहा, सोमवार ते रविवार, कोण किती वाजता काय करतंय ते.

त्याच्या कागदावर 'घाणा: रोज २ तास' एवढंच होतं. तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. दाणे निवडणं, बाटल्या धुऊन वाळवणं, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, हा दुसऱ्या पाळीला असताना दारात येणारं गिऱ्हाईक, सांडलेलं तेल पुसणं, उधारीची आठवण करणं. आणि एका कोपऱ्यात, खोडून परत लिहिलेलं: 'ब्लाऊज कधी शिवू?'

ती सहा वर्षं घरी ब्लाऊज शिवत होती, पिको-फॉल करत होती. त्यातून किराणा आणि मुलीच्या नावाची आरडी चालायची. म्हणजे त्या घरात जोडधंदा आधीपासून होता आणि दर महिन्याला पैसे देत होता. त्याला तो कधी धंदा वाटलाच नव्हता, आणि त्याच्या योजनेत पहिला बळी या शिवणाचाच जाणार होता.

"मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाला असता, शिवण काय, कधीही होतं," ती म्हणाली.

माझ्या मते त्या दिवशीचं खरं काम इथे झालं. पुढचं तसं सोपं होतं. मशीन न घेता तीन महिने दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन तेल काढून आणायचं आणि किती लोक दुसऱ्यांदा मागतात ते बघायचं, असं ठरलं. पहिली बाटली नातेवाईक कौतुकाने घेतात. खरी मागणी दुसऱ्या बाटलीला कळते. शिवणाच्या वेळेला हात लावायचा नाही. बाटल्या भरणं आणि पोचवणं त्याचं. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तेल काढायचंच नाही, कारण झोप मोडून कारखान्यातल्या मशीनसमोर उभं राहणं धोक्याचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण ते टाळू नका. खाद्यपदार्थ घरून विकायचा असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि खाद्यतेल सुटं विकता येत नाही. पॅक करून, लेबल लावूनच विकावं लागतं. नेमणूकपत्रात 'अन्य व्यवसाय करणार नाही' अशी अट आहे का, ते वाचा. २०२२ मध्ये विप्रो या आयटी कंपनीने नोकरीत असतानाच प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्यावर या अटीची चर्चा झाली होती. तेलाचा कारखान्याशी संबंध नाही, पण अट असेल तर लेखी परवानगी मागितलेली बरी. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करताच येत नाही. बायकोच्या नावावर टाकला की प्रश्न मिटला, असं समजू नका.

तीन महिन्यांनी दोघं परत आले. महिन्याला पंचवीसेक लिटर जात होतं, त्यातली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आलेली. हप्ता फेडायला ते पुरेसं नव्हतं, आणि हे त्यानेच आधी सांगितलं. मशीनचा विषय दिवाळीनंतर काढायचा, तोवर महिन्याला ७० लिटरचा पल्ला गाठला नाही तर मजुरीवरच चालू ठेवायचं, असं दोघांनी वहीत लिहून ठेवलंय. दरम्यान त्याने तिला पिको-फॉलचं नवं मशीन घेऊन दिलं, कर्ज न काढता.