सनच्या जुन्या स्पार्क मशीनवर सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचा स्लाइस 2 (स्लाइस म्हणजे डिस्कचा आखलेला भाग) काढून टाकला तर चालेल का? आणि पहिला स्लाइस सिलिंडर 0 पासून (म्हणजे डिस्कच्या सगळ्या थाळ्यांवरच्या पहिल्या ट्रॅकपासून) सुरू करावा का?

स्लाइस 2 ला हात लावू नका. तो म्हणजे अख्खी डिस्क, त्यामुळे बाकीच्या स्लाइसवर पसरलेला दिसणारच. पीआरटीव्हीटॉक (स्लाइसची आखणी दाखवणारी कमांड) आणि एफएमटीहार्ड (ती आखणी डिस्कवर लिहिणारी) चालवताना त्याचंच नाव द्यावं लागतं.

आता सिलिंडर 0. यावरून माझं एका वरिष्ठांशी चांगलंच वाजलं होतं.

डिस्क 2.1 जीबीची. 2733 सिलिंडर, 19 हेड, ट्रॅकमागे 80 सेक्टर. डेटाबेससाठी रॉ स्लाइस काढायचा होता, म्हणजे मध्ये फाइल सिस्टीम नाही, डेटाबेस थेट त्यावर लिहिणार. मी म्हटलं, सिलिंडर 1 पासून काढू. ते म्हणाले, "अख्खा सिलिंडर वाया कशाला? रूट नाही का 0 पासून असतो?" 19 गुणिले 80 म्हणजे 1520 सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट, म्हणजे 760 केबी. तेवढ्यासाठी त्यांनी माझं ऐकलं नाही.

रूट, म्हणजे खुद्द सोलारिसचा स्लाइस, 0 वर चालतो, कारण त्यावरची यूएफएस ही फाइल सिस्टीम पहिल्या 16 सेक्टरांना शिवतच नाही. सेक्टर 0 मध्ये लेबल (कोणता स्लाइस कुठे याची नोंद), 1 ते 15 मध्ये बूट ब्लॉक (मशीन सुरू करणारा कोड). रॉ स्लाइसवर हे भान डेटाबेसने ठेवायचं असतं, आणि आमच्या डेटाबेसने ते ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी लेबलवर त्याने आपला हेडर (स्वतःची सुरुवातीची नोंद) लिहिला. कोणाला पत्ता नाही, कारण कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) लेबल आधीच मेमरीत घेतलेलं. कित्येक महिने सगळं सुरळीत. मग विजेच्या कामासाठी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि कन्सोलवर आलं: करप्ट लेबल, राँग मॅजिक नंबर. लेबलच्या 512 बाइटांत शेवटी डीएबीई हा मॅजिक नंबर (लेबलची ओळखखूण) आणि त्यानंतर चेकसम (लेबल शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) असतो. तिथे आता भलतंच काही होतं.

डिस्कच्या शेवटी जादा सिलिंडरमध्ये लेबलच्या प्रती असतात. फॉरमॅट या डिस्क आखायच्या प्रोग्रॅममध्ये बॅकअप कमांड दिली, प्रत सापडली, स्लाइस जसेच्या तसे परत आले. मला हायसं वाटलं. पण डेटाबेस उघडेना. उघडणार कसा, त्याच्या हेडरवर मीच आत्ता लेबल लिहिलं होतं! एका म्यानात दोन तलवारी. एकाला वाचवलं की दुसरा गेला. शेवटी स्लाइस सिलिंडर 1 पासून नव्याने आखला आणि टेपवरून सगळं रिस्टोअर केलं. उजाडलं तेव्हा कुठे घरी गेलो.

अहवालात वरिष्ठांनी लिहिलं, "डिस्क खराब निघाली." ते मला आजही मान्य नाही. तीच डिस्क त्याच मशीनमध्ये पुढे अनेक वर्षं चालली, एकही रीड एरर न देता.

हां, सोलारिसचा स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायचा स्लाइस) सुरुवातीची जागा सोडतो, तो 0 वर असला तरी लेबल शाबूत राहतं. लिनक्स टाकणार असाल तर एक्सएफएस ही फाइल सिस्टीम मात्र 0 पासून नको, तिचा सुपरब्लॉक (मुख्य नोंद) थेट सेक्टर 0 मध्येच बसतो. आणि वरचं सगळं स्पार्कपुरतं. इंटेलवरच्या नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये भागांना अक्षरं असतात, आणि तिथे अख्खी डिस्क म्हणजे डी, तिसरं अक्षर सी नव्हे. तुमच्या स्पार्कवर रॉ डेटाबेस ठेवायचा असेल तर स्लाइस सिलिंडर 1 पासूनच काढा, समोरचा हुद्द्याने कितीही मोठा असो.